किल मायनस नाइन

शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉयमेंट करू नये असं सगळे सांगतात, आणि शुक्रवारी संध्याकाळीच सगळे करतात. गेल्या महिन्यात मीही केलं. बदल अगदी किरकोळ होता. रिफंड पाठवणारी आमची एक सर्व्हिस आहे, तिच्या लॉगमध्ये एक ओळ वाढवायची होती. साडेपाचला बटण दाबलं, कुबरनेटीसनं जुने कंटेनर बंद केले, नवे उभे केले, डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार. आपण खूष. लॅपटॉप सॅकमध्ये टाकला आणि निघालो. सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा फोन वाजला. ४१ जणांना रिफंड दोन-दोनदा गेला होता.

आता ज्याला पैसे मिळाले नाहीत तो माणूस दहा वेळा फोन करतो. ज्याला जास्त मिळाले तो एकदाही करत नाही, हे काय तुम्हाला सांगायला हवं? :-) ते पैसे परत मागायचं काम सपोर्टच्या मंडळींवर आलं आणि शिव्या त्यांनी खाल्ल्या. चूक माझी होती. ती नेमकी काय होती हे शोधता शोधता मी बराच लांब जाऊन पोचलो. चालू प्रोग्रॅमला मध्येच थांबवायचं, वेळ पडली तर मारायचं, हे काम ऑपरेटिंग सिस्टिमनं कसं करावं? गेले तीन वीकेंड ह्यावरच वाचतोय. डोक्यात एक मत तयार झालंय, ते आज लिहून टाकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. युनिक्समध्ये प्रोसेस मारायच्या कमांडचं नाव 'किल' आहे, पण ती मारत नाही, निरोप पोचवते. नुसतं किल म्हटलं की १५ नंबरचा सिग्नल जातो, सिगटर्म. अर्थ साधारण 'आवरा आता'. टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबलं की २ नंबरचा, सिगइंट. १ नंबरचा सिगहप तर मोडेमच्या जमान्यातला, फोनची लाइन तुटली की जायचा. आजही वायफाय गेल्यानं रिमोट सर्व्हरवरचं आपलं सेशन तुटतं तेव्हा तिकडे चालू असलेल्या कामाला तोच बिचारा सिगहप जातो. हे सगळे निरोप प्रोग्रॅमला ऐकता येतात, हातातलं काम पुरं करून बाहेर पडता येतं, किंवा चक्क कानाआड करता येतात. आणि मग ९ नंबर. सिगकिल. तो अडवता येत नाही, ऐकूही येत नाही. कर्नल परस्पर प्रोसेस संपवून मोकळं होतं. शेवटची ओळ लिहायची, कुणाला काही सांगायची सोय नाही.

कुबरनेटीस करतं ते एवढंच. आधी १५, मग ३० सेकंद थांबायचं, मग ९. डॉकरच्या स्टॉप कमांडमध्ये हीच मुदत १० सेकंदांची असते. दोन्ही आपल्याला बदलता येतात. पद्धत चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. पण माझ्या प्रोग्रॅमपर्यंत १५ नंबर पोचलाच नव्हता. का, तर कंटेनर सुरू करायला मी एक चिमुकली शेल स्क्रिप्ट लिहिली होती. ती दोन व्हेरिएबल सेट करायची आणि मग खरा प्रोग्रॅम चालू करायची. त्यामुळे कंटेनरमधली पहिली प्रोसेस, म्हणजे पीआयडी १, झालं शेल आणि माझा प्रोग्रॅम झाला तिचं पोर. निरोप येतो तो पीआयडी १ ला. आणि ह्या पीआयडी १ चे लिनक्समध्ये खास लाड असतात. तिनं सिगटर्म हाताळायची तयारी स्वतःहून केलेली नसेल तर तो निरोप सरळ गिळला जातो. शेलनं पोरालाही काही कळवलं नाही. ३० सेकंद माझा प्रोग्रॅम मजेत नवे नवे रिफंड उचलत राहिला, आणि मुदत संपल्यावर ९ नंबर. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' एवढा एक शब्द असता तर शेलची जागा खुद्द प्रोग्रॅमनं घेतली असती आणि निरोप नीट पोचला असता. एक शब्द!

रिफंडचं काम असं चालायचं: रांगेतून एक विनंती उचल, बँकेच्या गेटवेला सांग, उत्तर आलं की डेटाबेसमध्ये 'झालं' अशी खूण कर. बँकेला सांगून झालंय पण खूण व्हायची आहे, नेमक्या त्या फटीत जे सापडले ते मेले. विनंत्या रांगेत परत आल्या, नव्या कंटेनरनं त्या नव्यानं उचलल्या, आणि बँकेला पुन्हा सांगितलं. बँक काय, सांगेल ते करते.

शनिवारी सकाळी कॉलवर मी 'एक्झेक' टाकलेली स्क्रिप्ट दाखवली, वर मुदत ३० ची १२० करू म्हटलं, आणि शाबासकीची वाट बघत बसलो. आमची टीम लीड म्हणाली, "ते ठीक आहे रे, पण वीजच गेली असती तर काय केलं असतंस?"

"अगं, क्लाउडमध्ये कुठली वीज जाते?"

"मशीन तर जातं ना?"

गप्प बसलो.

खरं म्हणजे वीज जाणं ह्या विषयात मला कुणी शिकवायची गरज नाही. माझं लहानपण चाळीसगावात गेलं, लोडशेडिंगच्या ऐन भरात. बाबांचं हार्डवेअरचं दुकान. म्हणजे आपलं हार्डवेअर नव्हे, खरं हार्डवेअर: खिळे, बिजागऱ्या, पाइप, रंगाचे डबे. मी चौथी-पाचवीत असताना दुकानात कॉम्प्युटर आला, पाठोपाठ यूपीएस आला. लाइट गेली की यूपीएस टूंऽ टूंऽ करायचा आणि बाबा गल्ल्यावरून ओरडायचे, "सेव्ह कर रे आधी!" बॅटरी नवी होती तेव्हा पंधरा मिनिटं मिळायची. वर्षभरानं दोन मिनिटं. एक दिवस त्यानं टूं न करताच मान टाकली, ऐन दिवाळीच्या गिऱ्हाइकीत.

तरी दुकानाचं काही बिघडलं नाही, कारण बाबांचा त्या डब्यावर काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक व्यवहार आधी कीर्दीत, हातानं. मग कॉम्प्युटरवर. कीर्दीत ओळ पडल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात सुट्टे पैसे ठेवायचे नाहीत, हा नियम. मला ते भयंकर जुनाट वाटायचं. पुढे इंजिनिअरिंगला डेटाबेसच्या पेपरात राइट-अहेड लॉगवर टीप लिहिली, चांगले मार्कही पडले, तरी ट्यूब पेटली नाही. आधी कीर्द, मग खतावणी! पोस्टग्रेस हेच करतं, एसक्यूलाइट हेच करतं, लिनक्सची एक्स्ट-३ फाइल सिस्टिम २००१ मध्ये कर्नलमध्ये आली तीही हेच करणारी. पोस्टग्रेसच्या एखाद्या प्रोसेसला किल मायनस नाइन मारून बघा (ऑफिसात नको, घरी). त्यांची मुख्य प्रोसेस बाकीच्या सगळ्या कनेक्शनांनाही घरी पाठवते, लॉग शेवटच्या चेकपॉइंटपासून तपासते, आणि ज्या व्यवहाराला 'झालं' म्हटलं होतं तो झालेलाच असतो.

तर माझं मत असं. मरताना जी मुदत मिळते ती घर आवरायला नसते. स्वतःच्या फाइली, स्वतःचा डेटाबेस, स्वतःचे हिशोब हे कुठल्याही क्षणी ९ नंबर आला तरी शाबूत राहतील अशाच पद्धतीनं रोज लिहायला हवेत. मुदत असते बाहेरच्यांसाठी. म्हणजे दारात जी रिक्वेस्ट येऊन उभी आहे तिला उत्तर देणं, नवीन आत न घेणं, दुसऱ्या मशीनवर आपण अडवून ठेवलेलं लॉक सोडणं, लोड बॅलन्सरला 'मला वगळा' म्हणणं. ही कामं आधी करून ठेवता येत नाहीत, कारण समोरचा माणूस आत्ता उभा आहे. आणि ती झाली नाहीत तर कुणाला तरी एक एरर दिसेल, पुन्हा प्रयत्न करावा लागेल. त्रास होईल, पैसे बुडणार नाहीत. मी नेमकं उलटं केलं होतं. पैशाचा हिशोब निरोपाच्या भरवशावर ठेवला होता.

ह्याच्या पुढे जाणारेही लोक आहेत. स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स ह्यांनी २००३ मध्ये 'क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर' नावाचा एक पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं, प्रोग्रॅम बंद करायचा मार्ग एकच ठेवा: क्रॅश. आणि सुरू करायचाही एकच: क्रॅशमधून सावरणं. नीट बंद करायचा वेगळा रस्ता कशाला? तो क्वचित तपासला जातो आणि वर वेळ खातो. त्यांनी विंडोज एक्सपी नीट बंद करून परत सुरू करायला ६१ सेकंद आणि क्रॅश करून सुरू करायला ४८ सेकंद लागल्याचं दाखवलंय. पेपर वाचून मी पेटलोच होतो. पण सपोर्टच्या टेबलावर बसून आठवडाभर फोन ऐकले आणि थंड झालो. दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं सौजन्य त्या हिशोबात बसत नाही. म्हणून माझं मत: घरासाठी क्रॅश-ओन्ली, पाहुण्यांसाठी सिगटर्म.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं झालं. आता ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळू, कारण सगळं पाप आमच्या माथी मारून चालणार नाही.

पहिली गोष्ट, मारायचा अधिकार शेवटी ज्याचं मशीन त्याचाच पाहिजे. विंडोज ३.१ आणि जुनं मॅक ओएस ह्यात प्रोग्रॅमनं आपणहून बाजूला झालं तरच दुसऱ्याला पाळी मिळायची. एक अडला की सगळे अडले. ते दिवस गेले, बरं झालं. पण लिनक्समध्ये आजही 'डी' अवस्थेतली प्रोसेस दिसते, जिला किल मायनस नाइन मारून काही होत नाही. नेटवर्कवरच्या एनएफएस फाइल सर्व्हरनं मान टाकली की त्याच्याकडून फाइल वाचणारा प्रोग्रॅम असा गोठतो आणि आपण वेड्यासारखे किल किल करत बसतो. ह्यामागे कारण आहे. डिस्क किंवा कार्ड त्या प्रोसेसच्या मेमरीत थेट लिहीत असताना तिला मारून मेमरी दुसऱ्याला दिली, तर ते लिखाण दुसऱ्याच्या डोक्यावर पडेल. मान्य. पण हे कारण काही क्षणांपुरतं आहे, मेलेल्या सर्व्हरची तासभर वाट बघायला नाही. २००८ मध्ये, २.६.२५ ह्या कर्नलमध्ये, मॅथ्यू विलकॉक्सनं 'बाकी कशानं उठणार नाही, पण मारलं तर मरेन' अशी मधली अवस्था आणली आणि एनएफएसचं दुखणं बरंचसं कमी झालं. तरी कर्नलमध्ये आणि ड्रायव्हरांमध्ये जुनी पद्धत अजून ठिकठिकाणी आहे. युजरला 'हे मला मारता येत नाही' असं सांगायची वेळ येणं, ही माझ्या मते ऑपरेटिंग सिस्टिमचीच नामुष्की. (झॉम्बी प्रोसेसना मात्र उगाच दोष देऊ नका. त्या मेलेल्याच असतात, आईबापांनी येऊन नोंद करायची राहिलेली असते एवढंच.)

दुसरी गोष्ट, मध्येच अडवल्याची झळ प्रोग्रॅमवर ढकलू नये. ही भानगड फार जुनी आहे. रिचर्ड गेब्रियलनं १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ती सांगितलीय. प्रोग्रॅम सिस्टिम कॉलच्या मध्यावर असताना इंटरप्ट आला तर काय करायचं? एमआयटीच्या आयटीएसमध्ये सिस्टिम स्वतः मागे सरकायची, आणि नंतर तो कॉल जणू नव्यानं सुरू व्हायचा. करायला महाकठीण. युनिक्सनं काय केलं, तर सरळ 'मध्ये अडथळा आला' असा एरर परत दिला. पुन्हा प्रयत्न करायचं की नाही तुम्ही बघा! सोपं होतं म्हणून युनिक्स वाढलं, हा त्या लेखाचा मुद्दा. पण त्याचं बिल कुणी भरलं? तो एरर तपासायला विसरलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमनं. पायथनमध्ये हा पुन्हा प्रयत्न आपोआप व्हायला ३.५ व्हर्जन, म्हणजे २०१५ साल उजाडावं लागलं.

आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यात जास्त खुपणारी. कोण कशासाठी थांबलंय आणि कुणाला का मारलं, हे कुणी सांगतच नाही. विंडोजमध्ये एखाद्या विंडोनं पाच सेकंद प्रतिसाद दिला नाही की 'नॉट रिस्पॉन्डिंग'. आता वाट बघू की मारू? मला काय माहीत! ती फाइल सेव्ह करतेय की लूपमध्ये फिरतेय हे मला कळायचा मार्ग काय? लिनक्सवर मशीन बंद करताना 'अमुक सर्व्हिसची वाट बघतोय' म्हणत सिस्टिमडी डिफॉल्टनं ९० सेकंद बसून राहतं. फेडोरावाल्यांनी कंटाळून २०२३ मध्ये ते ४५ केले. मुदत निम्मी केली, प्रश्न तोच राहिला: का थांबलोय?

गंमत म्हणजे उत्तराचे तुकडे सगळीकडे पडलेले आहेत. मशीन बंद होताना अडवणाऱ्या प्रोग्रॅमनं कारण द्यायचं आणि ते युजरला दाखवायचं, ही सोय विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे. (व्हिस्टाबद्दल मी चांगलं लिहितोय, नोंद घ्यावी.) सिस्टिमडीमध्ये २०१७ पासून सर्व्हिसला 'अजून थोडा वेळ द्या' असं म्हणता येतं. ॲपलनं २००९ च्या स्नो लेपर्डमध्ये तर प्रश्नच उलटा केला. ॲपच आधी सांगून ठेवतं की माझ्याकडे सध्या काही बाकी नाही, खुशाल न विचारता मारा. आणि अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, ॲपला पुढच्या वेळी सुरू झाल्यावर विचारता येतं की मागच्या वेळी मी मेलो कशानं. हे चारही एका ठिकाणी, एका सिस्टिममध्ये, सगळ्या प्रोग्रॅमना सारखे लागू असलेले मला तरी दिसले नाहीत. मला पाहिजे ते एवढंच आहे. आधी विचारा. मुदत दोघांना माहीत असू दे. जास्त वेळ हवा तर कारण द्या, ते स्क्रीनवर दिसू दे, नकार द्यायचा हक्क युजरचा. मुदत संपली की नक्की मारा, कुणाचीही गय नको. आणि मारल्यावर सांगा.

हे शेवटचं 'सांगा' मला का एवढं लागलंय, त्याचीही एक गोष्ट आहे. चाळीसगावला आजी आहे. तिच्या फोनवर मी बीपीच्या गोळ्यांचं रिमाइंडर टाकून दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ घंटी वाजते. मे महिन्यात गेलो तर स्ट्रिपवर नऊ गोळ्या जास्त शिल्लक. "वाजलं की घेते रे बाळा, वाजलंच नाही तर मी काय करू?" फोन बनवणाऱ्यांनी बॅटरी वाचवायला मागची ॲप्स परस्पर मारायची व्यवस्था केलेली. त्यात रिमाइंडरही जायचं, त्यानं लावलेले गजरही त्याच्याबरोबर जायचे. ॲपला पत्ता नाही, आजीला नाही, मला नाही. २००४ मध्ये अँड्रीस ब्राउअरनं लिनक्सच्या 'आउट ऑफ मेमरी किलर'ची थट्टा करताना एका विमान कंपनीचा दृष्टांत दिला होता. ती इंधन कमी भरते, आणि हवेत असताना कमी पडलं तर एका प्रवाशाला बाहेर फेकते, मग इंजिनिअर मंडळी फेकायचा प्रवासी कसा निवडावा ह्यावर संशोधन करत बसतात. लोक अजून त्यावर हसतात. मीही हसलो होतो. आजीच्या फोनमध्ये फेकलेला प्रवासी म्हणजे बीपीची गोळी होती.

बॅटरी वाचवू नका असं माझं म्हणणं नाही. मेमरी संपली, बॅटरी संपत आली की कुणाला तरी जावं लागणार, हे मान्यच. पण स्क्रीनवर 'हे बंद केलं, ह्याचे गजर आता वाजणार नाहीत' अशी एक ओळ, मराठीत, मोठ्या अक्षरात, एवढं काय अवघड आहे?

असो. रिफंडचं सांगायचं राहिलं. आता प्रत्येक रिफंडला आम्ही आधी एक नंबर देतो, तो डेटाबेसमध्ये लिहितो आणि मग तोच नंबर बँकेला पाठवतो. तोच नंबर पुन्हा आला तर गेटवे पैसे पुन्हा पाठवत नाही, आधीचंच उत्तर परत देतो. नेटफ्लिक्सनं २०१२ मध्ये केऑस मंकी नावाचं आपलं टूल सगळ्यांसाठी खुलं केलं, ते चालू सर्व्हर कुठलेही उचलून बंद करतं. त्याचीच गरिबाची आवृत्ती म्हणून मी वीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिलीय. ती टेस्टिंगच्या मशीनवर दिवसभर, मनाला येईल तेव्हा, आमच्या सर्व्हिसला किल मायनस नाइन मारत बसते. पहिल्याच दिवशी तिनं आणखी दोन फटी दाखवल्या. ४१ पैकी ३६ जणांनी पैसे परत केले. आणि आजीच्या फोनमध्ये रिमाइंडरला बॅटरीच्या यादीतून वगळून आलोय, पण गेल्या आठवड्यात फोननं अपडेट घेतलाय, तेव्हा ह्या रविवारी परत जाऊन बघायचंय.